‘असेच’ आणि ‘असे का?’ : किपलिंगच्या बालकथांविषयी

लहान मुलांसाठी लिहिलेले वाङ्मय निरागस असते, असा एक समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. दलित साहित्याच्या समीक्षेनेही या समजाला फारसा धक्का लावलेला नाही. कथा, कविता, कादंबरी यांतील प्रस्थापित मूल्यांची आपण झाडाझडती घेतली. पण ज्या वयात ही मूल्ये माणसाच्या मनात उतरतात त्या वयाचे वाङ्मय आपण अभिजनांच्या स्वाधीन करून मोकळे झालो. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे, ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या आयाही सांगतात. कावळ्याच्या वाट्याला शेणाचेच घर का आले, हे त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही. पावसात ते वाहून जाते तेव्हा दोष पावसाचा नसतो, मेण वाटणाऱ्याचाही नसतो. कावळा कावळा आहे, एवढे कारण पुरते.

हा विचार पुढे नेण्यासाठी येथे रुडयार्ड किपलिंग घेतला आहे. साम्राज्यवादी लेखक म्हणून हे नाव आपल्या वाचकाला माहीत असते. गोऱ्यांच्या राज्याला पवित्र कर्तव्याचा मुलामा देणारी ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ ही त्याची कविता १८९९ ची. तेव्हा त्याच्याविषयी निकाल देऊन टाकणे सोपे आहे, आणि तो देऊन झालेलाही आहे. परंतु ज्या पुस्तकामुळे जगभरच्या मुलांच्या मनात त्याचा मुक्काम आहे ते ‘जस्ट सो स्टोरीज’ हे १९०२ चे पुस्तक एका वाक्यात निकालात निघत नाही. उंटाला कुबड कसे आले, गेंड्याच्या कातडीला वळ्या कशा पडल्या, बिबट्याला ठिपके कोठून मिळाले, हत्तीचे नाक लांब कसे झाले, पहिले पत्र कोणी लिहिले, अशा तऱ्हेच्या बारा कथा त्यात आहेत. मुलाच्या रोजच्या नवलाचा एकेक धागा पकडायचा आणि त्याची गोष्ट करायची, ही त्याची रीत. चित्रेही त्याचीच आहेत, आणि चित्रांखालचा मजकूर कधी कधी कथेइतकाच खट्याळ आहे.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. त्याच्या मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ या आत्मवृत्तात तो सांगतो की, त्याची आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक होती आणि मीता नावाचा हिंदू नोकर होता. दुपारच्या झोपेआधी ही माणसे त्याला गोष्टी सांगत, गाणी म्हणत. मग त्याला आईवडिलांकडे पाठवताना आता इंग्रजीत बोल अशी सूचना मिळे. कारण पोराची विचाराची आणि स्वप्नाची भाषा नोकरांची होऊन गेली होती. म्हणजे पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत (१९०७) गेलेल्या या लेखकाचा कथेशी पहिला संबंध आला तो मोलाने राबणाऱ्या माणसांच्या तोंडून. त्या आयेला मुले होती काय, आणि असल्यास दुपारी त्यांना गोष्ट कोण सांगत होते, हा प्रश्न आत्मवृत्तात येत नाही. येण्याचे कारणही नव्हते. पण आपण वाचताना तो मनात ठेवला पाहिजे. जिज्ञासेला फुरसत लागते, आणि फुरसत ही कोणाच्या तरी श्रमातून विकत घेतलेली असते.

पुस्तकाचे नाव त्याच्या मुलीमुळे पडले. जोसेफीनला या गोष्टी रोज त्याच शब्दांत ऐकायच्या असत. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ती बापाला अडवी. गोष्ट ‘अगदी अशीच’ सांगितली गेली पाहिजे. ही मुलगी १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने वारली, सहा वर्षांची असताना. पुस्तक आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. बापाचे हे दुःख खरे आहे आणि त्याची ऊब या गद्यात जाणवते. ते नाकारण्याचा कोतेपणा समीक्षकाने करू नये. परंतु ‘अगदी असेच’ या शब्दांत एक वेगळी मेख आहे. मूल विचारते, ‘असे का?’ गोष्ट सांगते, एकदा असे असे घडले, आणि तेव्हापासून हे असेच आहे. प्रश्न संपतो, मूल झोपते. उत्तराने कुतूहल वाढावे ही अपेक्षा, पण येथे उत्तर कुतूहलाला थोपटून निजवते. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात, पुराव्याशिवाय ‘अमुक अवयव अमुक कारणासाठी झाला’ असे सांगणाऱ्या स्पष्टीकरणांना याच पुस्तकाचे नाव लावून झोडपले, ते उगीच नव्हे.

उंटाची कथा घ्या. जगाच्या आरंभी घोडा, कुत्रा आणि बैल माणसासाठी राबत आहेत. उंट एकटा वाळवंटात काटेकुटे खात पडलेला. कोणी काही म्हटले की तो फक्त तुच्छतेने हुंकारतो. तिघे जण माणसाकडे तक्रार करतात. माणूस काय म्हणतो? उंट काम करीत नाही, तेव्हा त्याची भर म्हणून तुम्हा तिघांना दुप्पट काम करावे लागेल. यावर तिघे संतापतात, वाळवंटाच्या कडेला सभा भरवतात. (किपलिंगने या सभेसाठी जगभरचे शब्द वापरले आहेत, त्यात आपला ‘पंचायत’ही आहे.) शेवटी वाळवंटाचा जिन्न येतो, उंटाला जाब विचारतो, आणि हुंकाराचेच कुबड करून त्याच्या पाठीवर बसवतो. या कुबडावर आता तू तीन दिवस न खाता राबू शकशील. बुडवलेले तीन दिवस भरून काढ.

मुले हसतात. मीही हसलो. परंतु जरा थांबून पाहा. काम दुप्पट कोणी केले? माणसाने. राग कोणावर निघाला? उंटावर. घोडा, कुत्रा, बैल यांपैकी एकालाही असे सुचत नाही की आपणही न राबता पाहावे, किंवा निदान माणसाला विचारावे, हे काम आहे तरी कोणाचे? राबणारा नाकारणाऱ्याच्या विरुद्ध उभा केला जातो आणि राबवून घेणारा पंचाच्या खुर्चीत बसतो. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त सांगितले. ती विभागणी मुलाला कळेल अशा चित्रात पाहायची असेल तर ती या कथेत आहे. लेखकाच्या मनात ते नसेल. नसल्यामुळे चित्र अधिकच स्वच्छ उतरले आहे.

आपल्याकडे हा उंट कोण, हे सांगायला नको. १९२७ नंतर ज्या ज्या गावात महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, त्या गावांनी त्यांना काय म्हटले? माजले म्हटले. बहिष्कार घातले. वतन म्हणजे हक्क अशी भाषा होती. प्रत्यक्षात ते पाठीवर बसवलेले कुबडच होते, अर्ध्या पोटी राबण्याची सोय. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि ही वतने प्रत्यक्ष नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तीस वर्षे. जिन्नाला कुबड बसवायला एक क्षण लागला होता.

गेंड्याच्या कथेत तांबड्या समुद्राकाठी राहणारा एक पारशी आहे. हा मुंबईच्या आठवणीतलाच असावा असे मला वाटते. गेंडा त्याचा केक खातो, पारशी त्याच्या काढून ठेवलेल्या कातडीत केकचे शिळे कण भरतो, आणि गेंडा खाजवून खाजवून वळ्या पाडून घेतो. कथा मजेची आहे, तीत फार खोल शिरण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात असू द्यावे की येथे कातडी तीन बटणे सोडली की निघते. बिबट्याच्या कथेत मात्र हशा थांबतो. शिकार साधावी म्हणून त्यात एक इथिओपियन आपली कातडी काळी करून घेतो, आणि तेथे मूळ आवृत्तीत कृष्णवर्णीयांसाठी एक अपशब्द आला आहे. नंतरच्या आवृत्त्यांतून तो काढण्यात आला. शब्द काढता येतो. परंतु काळेपणा हे त्याने स्वतःच निवडलेले सोयीचे वेषांतर आहे, ही कल्पना तेथेच राहते. कुबड उंटाने ओढवून घेतले, वळ्या गेंड्याने ओढवून घेतल्या, काळा रंग काळ्या माणसाने निवडला. तक्रार कोणाकडे करायची?

हीच या रचनेची किल्ली आहे. आरंभी एक घटना, त्या घटनेचा डाग शरीरावर, आणि तो डाग मुलांच्या, नातवंडांच्या, पणतवंडांच्या अंगावर कायम. पुरुषसूक्त याहून वेगळे काय करते? मुखातून ब्राह्मण, बाहूंतून राजन्य, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र, आणि तेव्हापासून हे असेच. फरक असेल तर तो सांगणाऱ्याच्या स्वरात. किपलिंग आपल्या श्रोत्याकडे डोळा मिचकावून सांगतो. गोष्ट म्हणजे गोष्ट, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आपल्या देशात उत्पत्तीची गोष्ट दंडविधान होऊन बसली. ती ऐकून झोपायचे नव्हते, मान खाली घालायची होती.

या गोष्टीला ‘असे का?’ म्हणणारे मूल मराठी गद्यात प्रथम जोतीरावांनी उभे केले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’तला धोंडीबा वयाने लहान नाही, पण वृत्तीने तो शंका विचारणारे मूलच आहे. ब्रह्मदेवाने चार अवयवांतून चार वर्णांना जन्म दिला, असे असेल तर मग बाळंतपणाचे आणि विटाळाचे काय, हा तेथला प्रश्न असभ्य वाटून अनेक पंडितांनी नाक मुरडले. तो असभ्य नाही. तो लहान मुलाइतका सरळ आहे. पुढे जोतीराव मत्स्य, कच्छ, वराह या अवतारकथांची उलटी कथा रचतात. ‘महार’ म्हणजे महाअरी, अशा व्युत्पत्त्या देतात. आजच्या भाषाशास्त्रात त्या टिकणार नाहीत, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. गोष्टीला गोष्टीने उत्तर देण्याची ती वेळ होती. पुढची पायरी बाबासाहेबांची. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधले, इसवी सन ४०० च्या सुमाराचा काळ सुचवला, आणि जेथे पुराव्याचे दुवे तुटतात तेथे तर्क व कल्पना यांचा आधार घेतला आहे, हे प्रस्तावनेतच सांगून टाकले. पदरमोड कोठे झाली हे हिशेबात दाखवण्यासारखे हे आहे. त्यांचा सिद्धान्त कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु तो ‘असेच’ म्हणत नाही; आपण कोठे अंदाज करीत आहोत ते दाखवतो आणि पुढच्या शोधकाला जागा ठेवतो.

आता किपलिंगच्या पुस्तकातील ज्या कथेने माझी बरीच वर्षे पाठ सोडलेली नाही तिच्याकडे येतो. ती हत्तीच्या पिल्लाची. तेव्हा हत्तींना सोंड नव्हती. बुटासारखे फुगीर नाक होते. हे पिल्लू प्रश्न विचारते. शहामृग मावशीला तिच्या शेपटीच्या पिसांविषयी, जिराफकाकाला त्याच्या ठिपक्यांविषयी, पाणघोड्याच्या मावशीला तिच्या लाल डोळ्यांविषयी. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, मार. अखेर ते विचारते, मगर काय जेवते? सगळे मिळून बदडतात. ते लिंपोपो नदीकडे चालत जाते, आणि मगर नाक धरून उत्तर देते : तुला. अजगराच्या मदतीने ओढाताणीतून सुटताना नाकाची सोंड होते.

किपलिंगला हा मार ठाऊक होता. सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १८७१ साली, त्याला मुंबईतून उचलून इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवले गेले. तेथल्या उलटतपासण्या आणि छड्या यांविषयी त्याने आत्मवृत्तात लिहिले आहे. म्हणून या कथेत मार विनोदी असला तरी खोटा नाही. आणि ही त्याची एकमेव कथा अशी, जीत प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगावर आलेली खूण शिक्षा न होता सामर्थ्य होते.

ही कथा वाचताना आपल्यापैकी अनेकांना ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’ (१९९७) मधला प्रसंग आठवेल. द्रोणाचार्यांनी गरिबीमुळे अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पिठाचे पाणी पाजले, हे मास्तर गहिवरून शिकवीत होते. वर्गातला चुहडा जातीचा मुलगा उभा राहून विचारतो : आम्ही तर भाताची पेज पितो, मग आमचा उल्लेख कोणत्याच महाकाव्यात का नाही? मास्तरांनी त्याला कोंबडा करून पाठीवर छडीने वळ उठवले, तुझ्या पाठीवर महाकाव्य लिहितो असे म्हणत. येथेही प्रश्न रोजच्या जेवणाचाच होता. मगर काय जेवते, आम्ही काय पितो. प्रस्थापित व्यवस्थेला मोठ्या तात्त्विक प्रश्नांची भीती नसते. त्यांच्यावर परिसंवाद भरतात. ताटात काय आहे, असे पोराने विचारले की छडी निघते.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला मी. घरी प्रश्नाला मार नव्हता, उत्तरही नव्हते. दिवसभर उन्हात राबून आलेल्या आईला आभाळ निळे का असते, असे विचारायचे नसते, हे पोराला आपोआप कळते. आज माझ्या वर्गात बी.ए.ला बसलेली मुले प्रश्न विचारीत नाहीत तेव्हा सहकारी म्हणतात, यांना जिज्ञासाच नाही. जिज्ञासा असते. ती कोठे महाग पडते याचा हिशेब त्यांच्यापाशी पिढ्यांचा आहे.

कथेचा शेवटही पाहण्यासारखा. पिल्लू घरी परतते आणि सोंडेने सगळ्या नातेवाइकांना यथास्थित चोपते. मग ते सारे एकेक करून घाईघाईने लिंपोपोवर जातात, सोंडा घेऊन येतात, आणि त्यानंतर कोणी कोणाला मारीत नाही. मार थांबला तो कोणाचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून नव्हे. सोंड सगळ्यांकडे आली म्हणून. साम्राज्याच्या या भाटाने नकळत लिहिलेले हे वाक्य मला हरिजनसेवेच्या कित्येक भाषणांपेक्षा जास्त पटते.

लेखनाच्या शोधाच्या दोन कथाही पुस्तकात आहेत. अश्मयुगातली टॅफी ही मुलगी बापाचा भाला मोडला म्हणून शार्कच्या दाताने झाडाच्या सालीवर चित्र काढून आईला निरोप धाडते. परभाषी पाहुणा तो निरोप घेऊन जातो. चित्राचा अर्थ उलटा लागतो आणि बायका त्या बिचाऱ्याच्या केसांत चिखल भरतात. दुसऱ्या कथेत बापलेक खेळता खेळता माशाच्या तोंडापासून, अंड्यापासून, सापापासून अक्षरे बनवतात. मुलीच्या हातून लेखन जन्माला घालण्याची ही कल्पना फार गोड आहे. परंतु वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तप्त रस ओतावा असे गौतम धर्मसूत्र जेथे सांगते, तेथे अक्षर हा बापलेकींचा खेळ कधीच नव्हता. आमच्या टॅफीचे नाव मुक्ता. फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, हा तिचा सवाल आजही अंगावर येतो. मुलाने विचारलेल्या ‘का?’चा मराठीत छापील आरंभ शोधायचा झाला तर मी तो येथे मानतो. आपल्या बालवाङ्मयाच्या चर्चेत हा निबंध कधी येत नाही.

आणि आपण स्वतः काय केले? ‘बलुतं’ (१९७८) पासून आपल्या आत्मकथनांनी मराठीला भुकेले, अपमानित, हुशार मूल दिले; पण ती पुस्तके त्या मुलाविषयी आहेत, त्या मुलासाठी नाहीत. कांचा इलय्या यांच्या ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ (२००७) या पुस्तकाचा येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. कातडे, मडके, कापड, धुणे, हजामत यांमागे कोणते ज्ञान आणि कोणाचे श्रम आहेत, हे त्यांनी मुलांना सांगितले. दुर्गाबाई व्याम यांची गोंड शैलीतील चित्रे त्यात आहेत. दिशा अचूक आहे. तरीही वाचताना वर्गात बसल्यासारखे वाटते. माहिती आहे, गोष्ट नाही. हसू तर नाहीच. किपलिंगकडून घ्यायचे ते हे : मुलाला कुशीत घेऊन बोलणारा आवाज, आणि थट्टा.

विषयांची वाण नाही. मोटेला सोंड असे. कातड्याची मोट विहिरीतून वर आली की सोंदूर सैल होई आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळे. या सोंडेची गोष्ट कोणी सांगितली आहे? मेलेला बैल महाराने ओढला. ढोराने कातडे चुन्यात मुरवले, केस खरवडले, बाभळीच्या सालीत कमावले, शिवले. मांगाने नाडा वळला. ती मोट दिवसभर विहिरीत उतरत होती आणि तिच्या पाण्यावर सगळ्या गावाचा मळा पिकत होता. ती करणाऱ्या हातांना मात्र त्याच गावच्या पाणवठ्याला शिवण्याची मुभा नव्हती. कातडे पाण्यात चालते, हात चालत नाही. असे का? आठ वर्षांच्या मुलाला विचारा, ते तासभर बोलेल.

इंजिने आणि विजेचे पंप आले तशा मोटा गेल्या. मोट शिवलेली माणसे काही गावांत अजून असतील, वयाने थकलेली. कातडे चुन्यात किती दिवस राही, साल किती लागे, सोंडेचा टाका कसा घालीत, हे त्यांच्याकडून विचारून घेतले पाहिजे. आणि ते विचारायला प्राध्यापकांनी जाण्यापेक्षा पाचवी-सहावीतली पोरे पाठवावीत.